पुढची साथ येण्याआधी वाताच्या रुग्णांची गोळी बाजूला काढून ठेवा

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात मेडिकल चालवतो. शिक्षणाने फार्मासिस्ट आहे. माझ्याकडे ताप-खोकल्याची गिऱ्हाइके येतात, तशी महिन्याच्या महिन्याला तीच चिठ्ठी घेऊन येणारीही येतात. त्यांत बीपी-शुगरची सगळ्यांत जास्त. पण वाताची माणसेही थोडीथोडकी नाहीत. कुणाला आमवात आहे, ज्यात हाताची बोटे, मनगटे सुजून आखडतात. कुणाला ल्युपस, जो सांध्यांबरोबर कातडी आणि मूत्रपिंडही धरतो. काही तरुण मुलांना कणा ताठ करून टाकणारा स्पाँडिलायटिस आहे. करोनाच्या दोन वर्षांत या लोकांची जी परवड झाली ती मी रोज समोर पाहिली. तिच्याबद्दल आपल्याला जाहीरपणे लिहावे असे फार दिवस मनात होते.

आताच लिहिण्याला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी या भागांत जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले. त्यांच्यासाठी आयव्हीआयजी नावाची महागडी इंजेक्शने लागत होती. सरकारने त्या वेळी धावपळ केली, ती योग्यच होती. पण तेच इंजेक्शन स्नायूंच्या काही वातविकारांत आणि लहान मुलांच्या कावासाकी आजारातही लागते. ती बातमी वाचताना मला पहिला प्रश्न पडला तो हा, की ज्यांना हे आधीपासून लागते त्यांच्यासाठी कुणी काही बाजूला काढून ठेवले आहे का? २०२० मध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावे माझ्या वहीत आहेत.

आमच्या भागाला या आजारांची ओळख नवी नाही. आमच्यापासून जवळच असलेल्या भिगवणमध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाचा तो भाग होता. ग्रामीण भागात दर हजार प्रौढांमागे पाच जणांना आमवात आहे आणि जवळजवळ दर पाच-सहा प्रौढांत एकाला सांध्या-स्नायूंचे काही ना काही दुखणे आहे, हे त्यातून पुढे आले. हाच हिशेब राज्यभर लावला आणि प्रौढ लोकसंख्या आठ कोटी धरली, तर एकट्या आमवाताचेच चार लाखांच्या आसपास रुग्ण होतात. ल्युपस आणि बाकीचे आजार वेगळेच. म्हणजे हा मूठभर लोकांचा प्रश्न नाही. तरीही माझ्या तालुक्यात या विषयाचा तज्ज्ञ डॉक्टर नाही, आणि आसपासच्या तालुक्यांतही लोकांना पुण्याचाच रस्ता धरावा लागतो.

हे उपचार कसे चालतात ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय ते कसे तुटले हे लक्षात येणार नाही. रुग्ण दर तीन महिन्यांनी जेऊर स्टेशनवरून रेल्वेने नाहीतर एसटीने पुण्याला जातो. डॉक्टर एकेक सांधा दाबून पाहतात, औषध कमी-जास्त करतात. जाण्याआधी इथल्याच लॅबमध्ये रक्त द्यायचे असते. आमवातावरची मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन ठरलेल्या अंतराने पाहावे लागतात. गोळ्या मी देतो. मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घसरतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून मी प्रत्येक पाकिटावर जाड पेनाने ‘फक्त रविवार’ किंवा जो वार असेल तो लिहितो आणि फॉलिक ॲसिडच्या पाकिटावर दुसरा वार. ज्यांची बोटे वाकली आहेत त्यांना पट्टीतून गोळी दाबून काढता येत नाही. अशा बायकांना मी कात्रीने पट्टीची कड सोडवून देतो, पण गोळी पट्टीतच ठेवतो, म्हणजे वारांचा घोळ होत नाही. तज्ज्ञाची नजर, लॅबचा रिपोर्ट आणि वेळेवर गोळी असे हे तीन पदर आहेत. एक सुटला तर बाकीचे दोन काही आठवडे रेटून नेतात. २०२० मध्ये तिन्ही एकदम सुटले.

२२ मार्चला रेल्वे थांबली, २३ तारखेपासून राज्यात संचारबंदी लागली आणि २५ पासून देश बंद झाला. जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू व्हायला २० ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात पुण्याला जायचे तर ई-पास काढून खासगी गाडी करायची. ते भाडे शेतमजुराच्या घरातून निघत नाही. पुण्या-मुंबईतली मोठी रुग्णालये करोनासाठी राखली गेली. मुंबईचे नायर रुग्णालय तर एप्रिलमध्ये पूर्णच त्यासाठी दिले गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोक श्वासासाठी तडफडत असताना खाटा कुठून आणायच्या? माझे म्हणणे एवढेच आहे, की ओपीडी बंद करताना त्या ओपीडीवर जगणाऱ्या माणसांनी जायचे कुठे याचा एका ओळीचा कागद तरी निघायला हवा होता. तो आमच्यापर्यंत आला नाही.

आता गोळीचे सांगतो.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ज्याला आम्ही एचसीक्यू म्हणतो, ती मुळात मलेरियाच्या घराण्यातली गोळी. ल्युपसमध्ये तिच्याइतके भरवशाचे औषध नाही. ती आजाराचे भडके कमी करते, मूत्रपिंडाला जपते, गरोदरपणातही चालू ठेवतात. आमवातातही इतर औषधांच्या जोडीला असते. पाच-सात रुपयांची गोळी, माझ्या कपाटात कायम असायची आणि त्या पेशंटांखेरीज तिला कुणी विचारत नसे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिचे जाहीर गुणगान केले. लगोलग आपल्याकडे आयसीएमआरच्या कृतिदलाने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि बाधितांच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून ती सुचवली. दोनच दिवसांत कपाट रिकामे झाले. ज्यांना कधीही ती लागली नव्हती अशा घरांतून फोन येऊ लागले. त्यांना दोष देत नाही, सगळेच घाबरले होते. पण स्टॉकिस्टकडे ऑर्डर टाकली की एकच उत्तर यायचे, ‘माल शॉर्ट आहे.’ दहा डबे मागितले तर एक यायचा, तोही चार फोन केल्यावर.

२५ मार्चला निर्यातीवर बंदी आली. २६ मार्चला केंद्राच्या अधिसूचनेने ही गोळी शेड्यूल एच-वनच्या अटींखाली आली. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, वेगळे रजिस्टर, त्यात डॉक्टर आणि रुग्ण यांची नावे, किती गोळ्या दिल्या त्याचा आकडा, आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. साठेबाजी थांबवायला हे गरजेचेच होते. मी रजिस्टर काटेकोर ठेवले. पण या नियमाने निरोगी माणूस आणि ल्युपसची मुलगी यांना एकाच रांगेत उभे केले. उलट निरोगी माणसाला गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडून त्या दिवशीची ताजी चिठ्ठी मिळत होती. मुलीची चिठ्ठी पुण्याची, नोव्हेंबरमधली होती. कायद्याने, डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते.

त्या मुलीचे वडील केळीच्या बागेतून थेट आले होते. आमच्याकडे उजनीच्या फुगवट्याला केळी फार. हाताला केळीचा चीक, प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. फाईलवर मुलीचे वजन, लघवीतल्या प्रथिनांचे आकडे, सगळे ओळीने लिहिलेले. मुलगी बारावीची परीक्षा देऊन बसली होती, गालांवर ल्युपसचा लाल पट्टा पुन्हा उमटायला लागला होता. मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. २५ मार्चलाच टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे निघाली होती, त्यामुळे त्यांनी व्हॉट्सॲपवर नवी चिठ्ठी पाठवली आणि कायद्याची अडचण सुटली. गोळ्या मात्र पंधरा दिवसांच्याच निघाल्या. पुढच्या पंधरवड्याला त्याही नव्हत्या. वडिलांनी बार्शी, इंदापूर, दौंड इथल्या ओळखीच्यांना फोन केले. नातेवाइकाने दुधाच्या गाडीतून कुठून तरी दोन पट्ट्या पाठवल्या. याच सुमारास धारावी-वरळीच्या रहिवाशांना ही गोळी प्रतिबंधक म्हणून द्यायचा विचार राज्यात जाहीर झाला होता. तो पुढे थांबवला गेला हे बरे झाले. पण विचार जाहीर करण्याआधी कुणी एवढे तरी मोजले होते का, की राज्यात ही गोळी रोज किती जणांना जगायला लागते?

जूनमध्ये चित्र पालटले. इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने ५ जूनला सांगितले की रुग्णालयात दाखल करोना रुग्णांना एचसीक्यूचा उपयोग होत नाही. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या चाचणीतून ती काढली. गोळी हळूहळू बाजारात परत आली आणि वर्तमानपत्रांतून विषय संपला.

आमच्याकडे तो तेव्हा सुरू झाला. ही गोळी शरीरात फार सावकाश साठते आणि तितक्याच सावकाश उतरते. तिचा निम्मा अंश निघून जायलाच चाळीसेक दिवस लागतात. त्यामुळे एप्रिलमध्ये खंड पडलेला माणूस मे महिन्यात ठीक दिसतो. आजार उसळतो तो पावसाळ्यात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, ल्युपस शांत असलेल्या रुग्णांची ही गोळी बंद करून सहा महिने पाहिले, तेव्हा भडका उडण्याची शक्यता अडीच पट झाली होती. हे तज्ज्ञांना तीस वर्षांपासून माहीत आहे. म्हणूनच मला वाटते की एचसीक्यूच्या टंचाईने कुणाचे नुकसान झाले नाही हा समज खोटा आहे. नुकसान टंचाईच्या दोन-चार महिन्यांनी दिसले, आणि तोवर कुणी पाहतच नव्हते. केळीवाल्यांच्या त्या मुलीच्या पायांवर ऑगस्टमध्ये सूज आली. लघवीतून प्रथिने जाऊ लागली. ज्या स्टिरॉइडचा डोस डॉक्टरांनी दोन वर्षे खपून पाच मिलिग्रॅमवर आणला होता तो पुन्हा चाळीसवर गेला. पुढे दर महिन्याला सलाइनमधून सायक्लोफॉस्फमाइड घ्यायचे ठरले, तर डे-केअरच्या खाटा करोनाला दिलेल्या. ती आज बरी आहे, नोकरी करते. पण मूत्रपिंडाचा जो भाग गेला तो परत आलेला नाही.

दुसरी गोष्ट गोळ्या मिळत असूनही घडली. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, सल्फासॅलझीन ही ‘प्रतिकारशक्ती कमी करणारी’ औषधे आहेत, असे कुठल्या तरी व्हिडिओत ऐकून कित्येकांनी ती स्वतःहून बंद केली. करोनात प्रतिकारशक्ती हवी, मग ती कमी करणारी गोळी कशी घ्यायची? प्रश्न वरवर पाहता रास्त होता, आणि उत्तर द्यायला तज्ज्ञ समोर नव्हता. वास्तविक जगभरच्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनांनी एप्रिल २०२० पासून एकमुखाने सांगितले होते की संसर्ग झालेला नसेल तर औषधे थांबवू नका. कारणही पक्के होते. तज्ज्ञांनी मार्चमध्येच जगभरातल्या रुग्णांची एक नोंदवही सुरू केली. तिच्यातल्या चाळीस देशांतल्या पहिल्या सहाशे रुग्णांचा अहवाल मे महिन्याच्या अखेरीस आला. रोज दहा मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेणाऱ्यांना करोनात रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता जास्त दिसली. सांधे शांत ठेवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांच्या बाबतीत तसे दिसले नाही.

याचा अर्थ आमच्या गावात काय झाला ते पाहा. बाईने भीतीने मेथोट्रेक्सेट सोडली. दीड महिन्यात हात सुजले, सकाळी भाकरी थापता येईना. पुण्याला जाता येत नाही, म्हणून गावातल्या कुणाच्या तरी सल्ल्याने ‘ती बारीक पांढरी गोळी’ सुरू केली. बारीक पांढरी गोळी म्हणजे स्टिरॉइड. तिने दोन दिवसांत हात सुटतात, त्यामुळे माणूस ती सोडत नाही. म्हणजे जी गोळी तिला करोनात सांभाळू शकली असती ती सुटली आणि जिने धोका वाढतो ती लागली. माझ्याकडे चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड मागायला येणाऱ्यांची संख्या त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जेवढी होती तेवढी मी आधी पाहिली नव्हती. मी परत पाठवत होतो, पण मी परत पाठवलेला माणूस कुठे जातो तेही मला माहीत होते. आठवडी बाजारात सांधेदुखीच्या पुड्या मिळतात. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड कुटून घातलेले असते, हे अन्न व औषध प्रशासनाला मी सांगायची गरज नाही. चेहरा सुजून गोल झालेली, साखर तीनशेवर गेलेली माणसे २०२१ च्या दुसऱ्या लाटेला सामोरी गेली. म्युकरमायकोसिस कुणाला झाला, याचा विचार करताना ही माणसे डोळ्यांसमोर येतात.

ज्यांचा आजारच त्या वर्षी सुरू झाला त्यांचे सगळ्यांत वाईट झाले, असे माझे मत आहे. आमवातात पहिले तीन ते सहा महिने मोलाचे. त्या काळात नीट औषध लागले तर सांधे वाचतात, उशीर झाला की हाडाची झीज कायमची. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईंची बोटे २०२० च्या उन्हाळ्यात, कारखान्यावरून परत आल्यावर सुजली. ताप होता, अंग दुखत होते. पहिले दोन महिने सगळ्यांनी त्यांच्याकडे करोनाचा संशय म्हणून पाहिले. मग चिकुनगुन्या असेल म्हणून सोडून दिले. तेही अगदी चुकीचे नव्हते. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर आमच्या भागात माणसे वर्ष-वर्ष सांधे धरून बसली होती, हे लोकांना आठवते. त्यांना आमवात आहे हे निदान व्हायला २०२१ ची दिवाळी आली. तोवर उजव्या हाताची बोटे बाहेरच्या बाजूला वळली होती. आता त्यांना कोयता धरता येत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि उचल त्यावर मिळते. बाईचा हात गेला की घराची उचल जाते. करोनाने मेलेल्यांची गणती झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. हा हात कुठे मोजायचा?

फोनवरच्या तपासणीने पुष्कळ निभावले हे कबूल केले पाहिजे. जुना, ओळखीचा, आजार शांत असलेला रुग्ण फोनवर सांभाळता येतो. एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली ती चांगली सोय होती. पण सांध्याची सूज हाताने दाबूनच कळते. ‘दुखतंय’ म्हणणारा सांधा सुजलेला आहे की नुसता झिजलेला, हे फोनवरून ओळखणे कठीण. शिवाय आमच्या बायका फोनवर दुखणे सांगत नाहीत. फोन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो आणि उत्तर ‘बरं आहे’ एवढेच येते. लॅबवाल्यांकडे तेव्हा करोना रुग्णांच्या सीआरपी आणि डी-डायमर तपासण्यांची रांग होती. तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या सहा-सहा महिने राहिल्या आणि मेथोट्रेक्सेट तपासणीविना चालू राहिली. तेही धोक्याचेच.

महागड्या इंजेक्शनांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती माझ्या दुकानातून जात नाहीत. टोसिलिझुमॅब हे आमवाताचे आणि लहान मुलांच्या संधिवाताचे औषध. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते गंभीर करोनात उपयोगी ठरले आणि एप्रिलमध्ये देशभर मिळेनासे झाले. पुढे केंद्राकडून राज्यांना वाटप सुरू झाले. करोनासाठी ते देणे शास्त्राला धरूनच होते, हा एचसीक्यूपेक्षा मोठा फरक. पण ज्या मुलांचा ताप आणि सांधे त्याच इंजेक्शनावर ताब्यात होते त्यांच्या वाट्याचे काय, याची नोंद त्या वाटपात कुठे होती हे मला आजवर कळलेले नाही.

लसीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली. वीस व्याधींची यादी होती. त्यात दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे स्पष्टपणे होते. यादी करणाऱ्यांना हे सुचले याबद्दल त्यांचे आभार. पण ल्युपस हा मुख्यतः पंधरा ते पंचेचाळीस वयातल्या बायकांचा आजार. दहा रुग्णांत नऊ बाया. म्हणजे ज्यांच्यासाठी ती ओळ लिहिली त्यांतल्या बहुतेकजणी वयाच्या अटीने बाहेर राहिल्या. १ मेला अठरा वर्षांपुढच्यांना लस सुरू झाली, पण साठा पुरेना म्हणून राज्याला काही दिवसांतच ती थांबवावी लागली आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाली. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. अमेरिका आणि ब्रिटनने त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात अशा रुग्णांना, ते तरुण असले तरी, जादा डोस दिला. रिटुक्सिमॅब हे वातविकारांवरचे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या शरीरात लसीची प्रतिपिंडे नीट तयारच होत नाहीत, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये खबरदारीचा डोस आला तो आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि साठीच्या पुढचे सहव्याधीग्रस्त यांच्यासाठी. तिशीतली ल्युपसची बाई पुन्हा रांगेबाहेर.

माझे मागणे मोठ्या खर्चाचे नाही.

साथीच्या काळात कुठलेही चालू औषध नव्या आजारासाठी वापरायचे ठरले, तर तो आदेश निघेल त्याच दिवशी जुन्या रुग्णांचा साठा वेगळा करण्याचाही आदेश निघावा. हे अवघड नाही. प्रत्येक स्टिरॉइडची, प्रत्येक एचसीक्यूची मागच्या बारा महिन्यांतली विक्री प्रत्येक दुकानाच्या बिलिंगच्या संगणकात असते. त्या सरासरीइतका माल त्या दुकानाला आधी, बाकीचा नंतर, एवढे स्टॉकिस्टना बांधून द्यायचे. ज्याच्या फाईलवर आजाराचे निदान आणि जुनी चिठ्ठी आहे त्याला ती चिठ्ठी साथ संपेपर्यंत चालेल, असे लेखी कळवायचे. २०२० मध्ये हे एवढे असते तर त्या केळीवाल्यांना दुधाच्या गाडीची वाट पाहावी लागली नसती. या सगळ्या पत्रातली माझी मुख्य मागणी हीच आहे, आणि बाकी काहीच झाले नाही तरी ही व्हावी.

मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू आणि सल्फासॅलझीन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती ग्रामीण रुग्णालयात कायम ठेवावीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल झालेल्या रुग्णाला मोठा आधार देते, पण वाताचा रुग्ण वर्षानुवर्षे ओपीडीतच असतो, त्याच्या गोळ्या आणि तपासण्या तिच्यात बसत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या एका तरी फिजिशियनला मोठ्या संस्थेत काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन महिन्यातून दोनदा वाताची ओपीडी लावावी आणि साथ आली तरी ती दुसऱ्या इमारतीत, शाळेत, कुठेही, चालू राहील असे आधीच ठरवून ठेवावे. ई-संजीवनीवर आठवड्यातला एक ठरावीक वार संधिवात तज्ज्ञाचा असावा. रुग्ण तालुक्यातल्या डॉक्टरच्या समोर बसलेला असावा, म्हणजे सांधा दाबायला कुणीतरी असेल.

आशाताई आज तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरचा फॉर्म भरतात. त्यात दोन प्रश्न वाढवा. सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले असतात का, आणि बोटांचे सांधे सुजलेत का. एवढ्याने ऊसतोडीच्या बाईंसारखी माणसे दीड वर्ष आधी सापडतील. तसेच पुढच्या लसीच्या वेळी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना वयाची अट नसावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे आत्ताच धरावा.

शेवटचे मागणे अन्न व औषध प्रशासनाकडे आहे आणि ते तातडीचे आहे. एच-वनचे रजिस्टर तीन वर्षे ठेवायचे, म्हणजे २०२० ची रजिस्टरे ठेवण्याची मुदत केव्हाच संपली. कितीतरी दुकानांतून ती रद्दीत गेली असतील, उरलेली जातील. बिलिंगचा जुना डेटाही संगणक बदलला की जातो. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात कोणाला गोळी मिळाली आणि नेहमीच्या कोणत्या रुग्णाच्या नावापुढे खंड पडला, हे सांगणारा याहून चांगला पुरावा राज्यात दुसरा नसेल. राज्यभरच्या औषध विक्रेत्यांना एक परिपत्रक काढून ही रजिस्टरे आणि त्या वर्षाची बिले जपायला सांगा. ती गोळा करून एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक आरोग्य विभागाकडे द्या. माझे रजिस्टर मी जपून ठेवले आहे. रुग्णांची नावे झाकून त्याच्या प्रती द्यायला मी केव्हाही तयार आहे, आणि तालुक्यातल्या इतर दुकानदारांशीही बोललो आहे. आपल्या कार्यालयातून कुणाकडे त्या पाठवायच्या, एवढे कळवावे.

आपला,
एक औषध विक्रेता
ता. करमाळा, जि. सोलापूर